जगाच्या धुराचा हिशेब एका चौरस मीटरवर कसा मांडायचा

माझं आजोळ पन्हाळा तालुक्यात. मामांचं गुऱ्हाळ आहे आणि हंगामात एखादा तरी रविवार मी तिथं काढते. गेल्या थंडीत असंच एक आधण चढलं होतं. मळी काढून झाली होती, काहिलीतला फेस पिवळा होऊन वर येत होता आणि चुलवाणापाशी बसलेला गडी वाळलेल्या चिपाडाचा एकेक कवळा आत सारत होता. वारा पडलेला. धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. मामा त्याच्याकडं बघत म्हणाले, "तू पोरांस्नी कार्बनचं शिकवतीस ते खरं आसंल. पर एवढ्या मोठ्या आभाळाला आपल्या धुराचं काय व्हतंय गं?"

मी तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही. प्रश्न रास्त होता आणि त्याला भाषणानं उत्तर देणं मला बरं वाटेना. आभाळ मोठं आहे, पण किती? धूर थोडा आहे, पण किती थोडा? हे दोन्ही आकडे काढता येतात आणि त्याला दहावीचं गणित पुरतं. कोल्हापुरात सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना हा हिशेब मी फळ्यावर नाना तऱ्हांनी मांडला. अब्ज टनांचे आकडे मुलांच्या डोक्यावरून जायचे. शेवटी एकच पद्धत टिकली: अख्ख्या पृथ्वीचा हिशेब एका चौरस मीटरवर आणायचा. तीच इथं सांगते.

लागणार काय, तर वही, खडू, टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. वायुदाब दाखवणारा फोन घरात कुणाकडं असला तर मागून घ्या. गुळाचा एक खडाही जवळ ठेवा.

आधी आभाळ तोला

गच्चीवर किंवा अंगणात खडूनं एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौकोन आखा आणि त्यात उभे राहा. त्या चौकोनावर थेट वर, हवा संपेपर्यंत जेवढी हवा उभी आहे, तिचं वजन आपल्याला काढायचं आहे. त्यासाठी कुठं चढावं लागत नाही. वायुदाब म्हणजे वरच्या हवेचा भारच, आणि तो खाली उभं राहून मोजता येतो.

कोल्हापुरात फोनवर दाब बघितलात तर आकडा ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास दिसेल. एक हेक्टोपास्कल म्हणजे चौरस मीटरवर १०० न्यूटन, म्हणजे आपल्या चौकोनावर ९५,००० न्यूटन. त्याला ९.८ नं भागा. उत्तर येतं सुमारे ९,७०० किलो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हेच केलं तर १०,३०० किलोच्या आसपास येईल, कारण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत आणि तेवढी हवा आपल्या पायाखाली राहिली. समुद्र, डोंगर, तिबेटसारखी पठारं सगळी धरली की जगाची सरासरी ९८५ हेक्टोपास्कल निघते. म्हणजे चौकोनावर १०,००० किलो, दहा टन. पुढच्या सगळ्या हिशेबात हाच आकडा घ्या.

दहा टन. वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारा. आभाळ अथांग आहे असं आपण सहज म्हणतो, पण त्याचं वजन होतं आणि ते उसाच्या खेपेच्या मापात बसतं. मुलांना हा आकडा सांगितला की वर्ग दोन मिनिटं गप्प व्हायचा. मग कुणीतरी विचारायचंच, मग आपण चेपत कसे नाही? हवा सगळ्या बाजूंनी दाबते आणि आपल्या आतही तेवढाच दाब असतो, म्हणून. पुढं चला.

एक पीपीएम म्हणजे किती ग्रॅम

बातम्यांत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण पीपीएममध्ये येतं. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागं किती रेणू या वायूचे. इथं पहिली चूक होते. ही रेणूंची संख्या आहे, वजन नव्हे. हवेच्या रेणूचं सरासरी वजन २९ आणि कार्बन डायऑक्साइडचं ४४. आपल्या चौकोनावर दहा टन हवा, तिचा दहा लाखावा भाग म्हणजे १० ग्रॅम. हा वायू जड असल्यानं १० ला ४४ नं गुणून २९ नं भागायचं. उत्तर १५.२ ग्रॅम.

हा या सगळ्या हिशेबाचा कणा आहे: एक पीपीएम म्हणजे दर चौरस मीटरवर १५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड.

आता कारखानदारीच्या आधीची हवा घ्या. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून ते प्रमाण २८० पीपीएमच्या आसपास होतं असं कळतं. गुणाकार केला की चौकोनावर ४.३ किलो. २०२४ मध्ये हवाईतल्या माउना लोआ वेधशाळेत वर्षाची सरासरी ४२४ पीपीएमच्या पुढं होती. म्हणजे ६.५ किलोच्या जवळपास. वजाबाकी करा: २.२ किलो. माणसानं आजवर घातलेली भर ती एवढी.

हा आकडा हातात धरून बघायचा असेल तर गाडीच्या टाकीकडं बघा. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोही भरत नाही, पण ते जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. "पाऊण किलोचे सव्वादोन किलो कसे?" असं विचारतात. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन उचलतो. कार्बनचा अणू १२ वजनाचा, त्याला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटले की ४४. म्हणजे १२ किलो कार्बनचा ४४ किलो वायू. कोल्हापुरातून स्कूटरवर जोतिबाला जाऊन आलात की लिटरभर पेट्रोल संपतं. त्या एका लिटरचा वायू आणि एका चौरस मीटर आभाळात पिढ्यान्‌पिढ्या साठलेली भर, दोन्हींचं वजन जवळजवळ सारखं. मला स्वतःला हा हिशेब पहिल्यांदा मांडला त्या रात्री झोप लागली नव्हती.

याच १२ आणि ४४ मध्ये माणसं फार घसरतात. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होते. तक्त्यावर लिहिलं होतं, जग दरवर्षी १० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. आकडा खरा होता, पण तो नुसत्या कार्बनचा होता. वायूचा पाहिजे असेल तर ४४ नं गुणून १२ नं भागावं लागतं, म्हणजे जवळजवळ पावणेचारपट. मुलीनं बिचारीनं कुठूनतरी उतरवून घेतलं होतं आणि शेजारच्या तक्त्यावर ३७ अब्ज लिहिलं होतं म्हणून ती रडवेली झाली होती. दोघींचे आकडे बरोबर होते. म्हणून कुठलाही आकडा उचलताना तो कार्बनचा की कार्बन डायऑक्साइडचा, हे आधी बघा आणि वहीत तसं लिहा.

आपण दरवर्षी ओततो किती

कोळसा, तेल, नैसर्गिक वायू आणि सिमेंट यांतून जगानं गेल्या दशकात वर्षाला सरासरी ३६ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडला. हल्ली तो आकडा ३७ च्या वर गेला आहे. जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातले बदल यांचे आणखी सुमारे चार अब्ज टन. दहा वर्षांची सरासरी म्हणून ४० अब्ज टन धरा. हे आकडे हवेत मोजलेले नाहीत. किती कोळसा खणला, किती तेल विकलं, किती सिमेंट भाजलं याच्या हिशेबांवरून ते काढतात, आणि म्हणूनच ते भरवशाचे आहेत. जंगलतोडीचा आकडा मात्र कच्चा, त्यात बरीच मागंपुढं होते.

पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. चौरस मीटरमध्ये ५१ वर तेरा शून्यं. ४० अब्ज टनांचे ग्रॅम केले तर ४ वर सोळा शून्यं. शून्याला शून्य छाटली की उरतात ४००० भागिले ५१. उत्तर ७८.

वर्षाला ७८ ग्रॅम, दर चौरस मीटरवर, समुद्र धरून. वजनकाट्यावर ७८ ग्रॅम गूळ तोला आणि तो खडा चौकोनात ठेवा. माझ्या भाचीनं ठेवला तेव्हा मुंग्या यायच्या आत ती चार वेळा त्याच्याभोवती फिरली आणि म्हणाली, "आत्या, एवढुसाच?" एवढुसाच. पण चौकोनावर आधी होता तोच मुळात ४.३ किलो, आणि हा खडा दरवर्षी ठेवायचा आहे.

७८ ग्रॅमना १५.२ नं भागलं तर ५.१ येतात. म्हणजे आपण सोडतो ते सगळं हवेतच राहिलं असतं तर प्रमाण वर्षाला पाच पीपीएमनं वाढायला हवं. हे आपलं भाकीत झालं. आता ते प्रत्यक्ष मोजणीशी ताडून बघायचं.

माउना लोआची मोजणी मार्च १९५८ मध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी सुरू केली. त्यावेळी आकडा ३१५ च्या आसपास होता. २०१३ ची सरासरी ३९७ च्या जवळ, २०२३ ची ४२१. दहा वर्षांत २४, वर्षाला २.४ पीपीएम. ग्रॅममध्ये साडेछत्तीस.

मोजणी वाचताना दोन गोष्टी सांभाळा. एक, प्रमाण वर्षभर सारखं नसतं. उत्तर गोलार्धातल्या झाडांना पालवी फुटली की ते उतरतं, पानं गळून कुजली की चढतं. माउना लोआला मे महिन्यात ते सगळ्यांत जास्त असतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्यांत कमी. फरक सहा-सात पीपीएमचा, म्हणजे अडीच-तीन वर्षांच्या वाढीएवढा. मे महिन्याचा आकडा ऑक्टोबरशी ताडला तर वाढ गायब झाली असं वाटेल. वर्षाची सरासरी वर्षाच्या सरासरीशीच लावायची. दोन, एकाच वर्षाच्या वाढीवर विसंबायचं नाही. एल निनोच्या वर्षांत उष्ण कटिबंधातली झाडं कमी कार्बन घेतात, वणवे लागतात आणि वाढ उसळते. २०२३ ते २०२४ या एका वर्षात ती तीन पीपीएमच्या वर गेली. म्हणून दहा वर्षं घ्यायची. आपल्याकडंही पुण्याजवळ सिंहगडावर आयआयटीएमच्या, म्हणजे पुण्यातल्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हवेचे नमुने घेऊन हीच चढउतार अभ्यासली आहे. तिथं नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरची स्वच्छ हवा आणतात तेव्हा प्रमाण खाली येतं.

तर भाकीत ७८ ग्रॅम आणि सापडले साडेछत्तीस. चौकोनातला खडा उचला, निम्म्याहून थोडा जास्त तोडून बाजूला ठेवा. गेली साठ वर्षं दरवर्षी सोडलेल्यापैकी सरासरी ४४ टक्के हवेत उरतात. बाकीचं जमीन आणि समुद्र घेतात. झाडं आणि माती मिळून ३० टक्क्यांच्या आसपास, समुद्र २५ टक्क्यांच्या आसपास.

सगळ्या काळाचा ताळाही करून बघा. १८५० ते २०१९ मध्ये माणसानं एकूण सुमारे २,३९० अब्ज टन सोडले. चौकोनावर ४.७ किलो. त्या काळात प्रमाण २८६ वरून ४१० वर गेलं, म्हणजे १.९ किलोची भर. चाळीस टक्के. एका वर्षाचा हिशेब आणि पावणेदोनशे वर्षांचा हिशेब एकमेकांच्या इतक्या जवळ येतो, याचा अर्थ आपण वहीत काही मोठं चुकलेलो नाही.

चिपाडाचा धूर आणि कोकचा धूर

हा भाग सावकाश वाचा, कारण खरा घोळ इथं होतो.

माझे वडील उद्यमनगरात फौंड्रीत होते, लोखंड वितळवायच्या क्युपोला भट्टीवर. लहानपणी मी डबा घेऊन जायचे. भट्टीत थरावर थर घालायचे, कोक, त्यावर लोखंडाची मोड, चुनखडी, परत कोक. वडिलांच्या सदऱ्याला कायम जळक्या कोकचा वास. मामाकडं गेलं की चिपाडाचा गोडसर वास. दोन्हीकडं धुराडं आणि दोन्हीकडं कार्बन डायऑक्साइड. रेणूरेणूंत काडीचा फरक नाही. हिशेबात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चिपाडातला कार्बन उसानं गेल्या वर्ष-दीड वर्षात याच हवेतून घेतला. आडसाली ऊस असेल तर अठरा महिन्यांत. चुलवाणात जाळला की तो परत गेला. पुढच्या लागणीनं पुन्हा घेतला. घेतलं तेवढं दिलं, बाकी शून्य. कोक होतो कोळशापासून, आणि कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी घेऊन जमिनीत पुरला होता. तो आत्ताच्या हवेच्या खात्यावर नव्हताच. तो जाळला की खात्यात नवी रक्कम आली. म्हणून जगाच्या ४० अब्ज टनांत गुऱ्हाळाचं चिपाड धरत नाहीत, कोक धरतात. आपला श्वासही धरत नाहीत. भाकरीतला कार्बन ज्वारीनं त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो.

मामांनी लगेच पकडलं. "मग आमचा ऊस हवेतला कार्बन खातोय की!" खातो, आणि थोडाथोडका नाही. एकरी ४० टन ऊस धरला, त्यातला ३० टक्के कोरडा भाग, त्याच्या ४५ टक्के कार्बन, तर माझ्या ढोबळ हिशेबानं एकरानं वीसेक टन कार्बन डायऑक्साइड ओढला. एका एकरावरच्या आभाळात माणसानं आजवर घातलेली भर साधारण नऊ टन आहे. ऊस त्याच्या दुप्पट एका पिकात ओढतो! पण तो ठेवत नाही. चिपाड महिन्याभरात जळतं, पाचट जळतं नाहीतर कुजतं, गूळ-साखर चहातून आपल्या पोटात जाऊन श्वासावाटे बाहेर. वर्षभरात सगळं परत. किती घेतलं हा प्रश्न अपुरा आहे. किती काळ धरून ठेवलं हेही विचारावं लागतं. वड शंभर वर्षं धरतो. शेतात न जाळता मातीत मुरवलेलं पाचट थोडं धरतं, म्हणून ते जाळू नये असं मी मामांना दरवर्षी सांगते. आणि गुऱ्हाळाचा धूर हिशेबातून सुटला म्हणजे निर्दोष झाला असंही नाही. त्यातली काजळी चुलवाणापाशी बसणाऱ्या गड्याच्या छातीत जाते. तो हिशेब निराळा आणि तोही मांडायला पाहिजे.

"निसर्ग आपल्यापेक्षा किती तरी जास्त सोडतो"

हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल आणि ते खरं आहे. जमीन आणि समुद्र मिळून हवेशी दरवर्षी शेकडो अब्ज टनांची देवाणघेवाण करतात. आपले ४० त्यापुढं थोडेच. मग वाढ निसर्गामुळं झाली नसेल कशावरून?

पासबुक उघडा. आपण खात्यात वर्षाला ७८ भरतो. शिल्लक वाढते फक्त साडेछत्तीसनं. बाकी दुनियेनं या खात्यात कितीही भरलं आणि कितीही काढलं असो, सगळं मिळून तिनं भरल्यापेक्षा साडेएकेचाळीस जास्तच काढलेत. निसर्गानं भर घातली असती तर शिल्लक ७८ पेक्षा जास्त वाढायला हवी होती. एवढी एक वजाबाकी पुरते. ज्वालामुखींचं नाव निघालं तर त्यांचा वाटा आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

आणखी पुरावा पाहिजे असेल तर तो कार्बनच्या अंगावरच लिहिलेला असतो. हवेतल्या कार्बनमध्ये किंचित किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोळशात आणि तेलात तो केव्हाच संपलेला. हवेत जुना कार्बन मिसळला की कार्बन-१४ चं प्रमाण पातळ व्हायला पाहिजे, आणि ते तसं झालेलं हान्स सूस यांनी १९५० च्या दशकातच दाखवलं. शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित घटतो आहे, कारण जळताना तो लागतोच. वायू समुद्रातून नुसताच बाहेर पडला असता तर ऑक्सिजन घटला नसता.

कोल्हापूरकराला साठा आणि ओघ यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. जुलै उजाडला की घराघरांत एकच चौकशी, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. राधानगरीचे दरवाजे बंद झाले, पाऊस उघडला, तरी पंचगंगा त्याच दिवशी पात्रात जात नाही. इंचाइंचानं उतरते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं तेव्हा पाऊस थांबल्यावरही आम्ही किती दिवस दारात चिखल मोजत होतो. पीपीएम ही बंधाऱ्यावरची फूटपट्टी आहे आणि ४० अब्ज टन हा वरून येणारा लोंढा. लोंढा थोडा कमी झाला म्हणून फूटपट्टी खाली येत नाही. तो निचऱ्यापेक्षा कमी झाला तरच येते. आणि इथला निचरा नदीपेक्षा फार हळू आहे. सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही हिस्सा हजार वर्षांनंतरही हवेत असतो.

त्या चौकोनावर ऊब किती वाढली

वाढलेला वायू चौकोनावर किती जास्तीची उष्णता अडकवतो, यासाठी माझ्या विषयातलं एक सूत्र घ्या. जुनं प्रमाण आणि नवं प्रमाण यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा आणि ५.३५ नं गुणा. ४२४ भागिले २८० म्हणजे १.५१, लॉगॅरिदम ०.४१, गुणाकार २.२. आपल्या चौरस मीटरवर २.२ वॅट. देवघरातल्या लहान दिव्याएवढे. पण हा दिवा पृथ्वीच्या दर चौरस मीटरवर दिवसरात्र लागलेला आहे. स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हे नातं १८९६ मध्येच हातानं गणित करून ओळखलं होतं.

तापमानासाठी सोपा आडाखा आहे: दर १,००० अब्ज टनांमागं ०.४५ अंश. १८५० ते २०१९ च्या २,३९० ला लावला तर १.०८ येतात. जगाचं तापमान त्या काळात साधारण तेवढंच वाढलेलं मोजलं आहे. मिथेन आणि धुरातले सूक्ष्म कण यांचे परिणाम वेगळे असतात आणि बरेचसे एकमेकांना कापतात, म्हणून हा मेळ इतका नेमका दिसतो. मिथेनचा हिशेब या पद्धतीनं करू नका, तो हवेत दहा-बारा वर्षांतच मोडतो.

आपला हिशेब गुंठ्यात

शेवटची पायरी मी मामांसाठी बसवली. ७८ ग्रॅम हा चौरस मीटरचा वर्षाचा वाटा. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचा वाटा ७.९ किलो. एकराचा ३१६ किलो. आता आपण जाळतो ते गुंठ्यात सांगता येतं.

घरगुती गॅसचं १४.२ किलोचं सिलेंडर जळून सुमारे ४३ किलो वायू होतो, म्हणजे साडेपाच गुंठे. १०० युनिट वीज, युनिटमागं ०.७ किलो धरलं तर नऊ गुंठे. गाडीनं पुण्याला जाऊन येणं, तीस लिटर पेट्रोल, तेही नऊ गुंठ्यांच्या आसपास. वडिलांच्या भट्टीत एक टन लोखंड वितळवायला कमीत कमी शंभर किलो कोक जायचा. त्याचे सव्वातीनशे किलो. एक एकर. एका पाळीत किती एकर जायचे ते मी मोजलं आणि मग वही थोडा वेळ मिटून ठेवली. त्या कमाईवर मी शिकले.

माणशी हिशेबही करा, नाहीतर न्याय होत नाही. पृथ्वी माणसांत सारखी वाटली, समुद्रासकट, तर वाट्याला साधारण साडेपंधरा एकर येतात. भारतातला माणूस कोळसा-तेलाचा सरासरी दोन टनांच्या आसपास वायू सोडतो, म्हणजे सव्वासहा एकर. अमेरिकेतला साधारण चौदा टन, चव्वेचाळीस एकर. आणि आपल्यातही गुऱ्हाळावरचा गडी आणि दोन एसी चालवणारं घर यांचे एकर सारखे नाहीत.

नोव्हेंबरच्या सुमारास जगाच्या उत्सर्जनाचे नवे आकडे जाहीर होतात. तेव्हा ७८ पुन्हा काढायचा, माउना लोआची नवी वार्षिक सरासरी आली की खालची ओळ बदलायची. १५.२ बदलत नाही, दहा टन बदलत नाहीत.

महाशिवरात्रीच्या आसपास मी वही घेऊन मामांकडं गेले. गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसून सगळं वाचून दाखवलं. मामांनी दहा टनांवर मान हलवली, चिपाडावर हसले आणि नऊ टनांवर थांबले. "एका एकरावर नऊ टन?" म्हणाले. बराच वेळ वाफ्यात निवणाऱ्या गुळाकडं बघत बसले. मग विचारलं, "आन् घाण्याच्या इंजिनाचं डिझेल?"

लिटरमागं २.७ किलो. तीन लिटरला एक गुंठा.

मामांनी भिंतीवरची आधणांची वही काढली, कानामागची पेन्सिल घेतली आणि आधणांच्या रकान्याशेजारी एक नवी उभी रेघ मारली.